चाड ते डाकार : हिसेन हाब्रे खटल्याचा इतिहास

30 मे 2016 रोजी सेनेगलची राजधानी डाकार येथील एका विशेष न्यायपीठाने चाडचा माजी राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे याला मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ या आरोपांवरून दोषी ठरवले आणि जन्मठेपेची शिक्षा सुनावली. एका देशाच्या माजी सत्ताधीशावर दुसऱ्या देशाच्या न्यायव्यवस्थेने मानवाधिकारांच्या गंभीर गुन्ह्यांसाठी खटला चालवून त्याला शिक्षा करण्याचा हा जगातील पहिलाच प्रसंग होता. हाब्रेची सत्ता 1990 च्या डिसेंबरात गेली आणि निकाल लागला तेव्हा त्या घटनेला पंचवीस वर्षांहून अधिक काळ उलटला होता. त्याला शिक्षा करता येईल असा आंतरराष्ट्रीय कायदा या सबंध काळात अस्तित्वात होता. तो अमलात आणण्याची निकड मात्र बहुतेक सरकारांना वाटत नव्हती, आणि ती निकड निर्माण करण्याचे काम चाडमधील पीडितांना स्वतः करावे लागले. त्यांनी जमवलेली, लपवलेली आणि एका न्यायालयाकडून दुसऱ्या न्यायालयाकडे नेलेली कागदपत्रे हा या इतिहासाचा कणा आहे.

चाड हा मध्य आफ्रिकेतील देश. त्याला समुद्रकिनारा नाही. उत्तरेकडे सहाराचे वाळवंट व तेथील पशुपालक मुस्लिम जमाती, तर दक्षिणेकडे पावसाळी प्रदेशातील शेतकरी, त्यांत बहुसंख्य सारा समाज, अशी त्याची ढोबळ विभागणी करता येते. फ्रेंच राजवटीने दक्षिणेत कापसाची शेती रुजवली, प्रशासनातही दक्षिणेकडच्याच लोकांना घेतले आणि उत्तरेकडे लष्करी अंमलापलीकडे फारसे लक्ष दिले नाही. 1960 साली देश स्वतंत्र झाला आणि दक्षिणेतील फ्रान्सवा तोंबालबाय पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ही जुनी दरी नव्या राज्याच्या पोटात तशीच राहिली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेत बंड उभे राहिले, 1975 च्या लष्करी उठावात तोंबालबाय मारले गेले आणि त्यानंतरची काही वर्षे सत्ता सशस्त्र गटांच्या तडजोडींवर व लढायांवर हेलकावत राहिली. पॅरिसमध्ये शिकलेला, फाया-लार्जो या वाळवंटी गावचा हिसेन हाब्रे याच गटांपैकी एकाचा नेता होता. तो काही काळ पंतप्रधान आणि पुढे संरक्षणमंत्रीही झाला, आणि 7 जून 1982 रोजी त्याच्या फौजांनी राजधानी एन्जामेना ताब्यात घेतली.

शीतयुद्धाच्या छायेतील राजवट

हाब्रेची सत्ता टिकली याचे एक मोठे कारण चाडच्या सीमेबाहेर होते. उत्तरेकडील शेजारी लिबियाचा शासक मुअम्मर गद्दाफी याने चाडच्या आउझू पट्ट्यावर हक्क सांगून तेथे सैन्य घातले होते. गद्दाफीला वेसण घालणे हे अमेरिका व फ्रान्स या दोघांचेही उद्दिष्ट असल्यामुळे अमेरिकेने हाब्रेला शस्त्रे, पैसा आणि गुप्त मदत पुरवली, तर फ्रान्सने 1983 पासून आपले सैनिक व विमाने चाडमध्ये उतरवली. 1987 साली चाडच्या चपळ तुकड्यांनी लिबियाच्या सैन्याचा मोठा पराभव केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी व्हाइट हाउसमध्ये हाब्रेचे स्वागत केले. राजधानीतील कोठड्यांमध्ये काय चालले आहे याची विचारपूस करण्यापेक्षा लिबियाविरुद्धचा हा मोहरा सांभाळणे त्याच्या मित्रांना महत्त्वाचे वाटत होते.

त्या कोठड्या ‘दस्तऐवजीकरण व सुरक्षा संचालनालय’ असे निरुपद्रवी नाव असलेल्या संस्थेच्या ताब्यात होत्या. फ्रेंच आद्याक्षरांवरून डीडीएस या नावाने ओळखली जाणारी ही राजकीय पोलीस यंत्रणा जानेवारी 1983 मध्ये एका हुकुमान्वये स्थापन झाली आणि ती थेट राष्ट्राध्यक्षांना जबाबदार होती. तिच्या तुरुंगांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध तुरुंग म्हणजे ‘पिसीन’, अर्थात पोहण्याचा तलाव. फ्रेंच काळातील एका तलावावर काँक्रीटचे छत घालून खाली कोठड्या पाडण्यात आल्या होत्या आणि त्या जमिनीखालच्या उकाड्यात कैद्यांना दाटीवाटीने कोंबले जाई. हातपाय पाठीमागे आवळून बांधण्याची ‘अर्बाताशार’ ही छळाची पद्धत तर इतकी सर्रास वापरली जाई की तिच्यामुळे अनेकांना कायमचे अपंगत्व आले. एखाद्या समाजातील पुढाऱ्यांवर संशय आला की दडपशाही त्या संपूर्ण समाजावर उतरे. 1984 साली दक्षिणेत, 1987 साली हाजेराय समाजावर आणि 1989 साली झगावा समाजावर सामूहिक अटका आणि हत्यांची लाट आली, त्यामागे हेच सूत्र होते. 1984 च्या दक्षिणेतील मोहिमेला चाडचे लोक ‘काळा सप्टेंबर’ म्हणतात.

1989 च्या कारवाईतून निसटलेला झगावा समाजातील सेनानी इद्रिस देबी सुदानमधून फौज घेऊन परतला आणि 1 डिसेंबर 1990 रोजी त्याने एन्जामेना जिंकले. हाब्रे कॅमेरूनमार्गे सेनेगलला पळाला, तेथे त्याला आश्रय मिळाला आणि डाकारमध्ये त्याने धनाढ्य व प्रतिष्ठित पाहुण्याचे जीवन सुरू केले. नव्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, महामत हसन अबाकर यांच्या अध्यक्षतेखाली, 1992 साली आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि हाब्रेच्या आठ वर्षांत सुमारे 40,000 माणसे मारली गेली असा अंदाज मांडला. या आयोगाला कार्यालयासाठी डीडीएसचीच जुनी इमारत देण्यात आली होती, त्यामुळे अनेक पीडितांना तेथे पाऊल टाकण्याचीही भीती वाटे. आयोगाने दोषींवर खटले भरण्याची शिफारस केली, पण डीडीएसमधील अनेक अधिकारी नव्या राजवटीच्या सेवेत रुजू झालेले असल्याने अहवाल बाजूला पडला.

दोन दप्तरे

अहवाल बाजूला पडला तरी पुरावा नाहीसा झाला नाही, याचे श्रेय प्रामुख्याने सुलेमान गेंगेंग यांच्याकडे जाते. चाड सरोवर खोरे आयोग या आंतरराष्ट्रीय संस्थेत ते लेखापाल होते. 1988 साली त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी डीडीएसच्या तुरुंगांत काढला. आजूबाजूचे कैदी मरताना पाहत असताना, जिवंत सुटलो तर यांच्यासाठी न्याय मागेन, अशी शपथ त्यांनी घेतली. सुटकेनंतर त्यांनी इतर पीडितांसह राजकीय दडपशाहीच्या बळींची संघटना उभारली आणि लेखापालाच्या शिस्तीने कोणाला केव्हा अटक झाली, कोठे ठेवले, काय केले गेले, सोबत कोण मेले याच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. अशा 792 जणांच्या जबान्या जमल्या. नव्या राजवटीतही धमक्या येऊ लागल्यावर मात्र गेंगेंग यांनी ते कागद घरी लपवून ठेवले आणि कित्येक वर्षे ते तेथेच पडून राहिले.

दुसरे दप्तर होते खुद्द डीडीएसचे. मे 2001 मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेचे प्रतिनिधी एन्जामेनातील डीडीएसच्या ओसाड पडलेल्या मुख्यालयात गेले असता त्यांना तेथे धुळीत पसरलेले हजारो कागद आढळले. अटकेच्या नोंदी, चौकशीचे अहवाल, कैद्यांच्या दैनंदिन याद्या आणि मृत्यूचे दाखले त्यांत होते. या दप्तराच्या विश्लेषणातून 12,321 पीडितांची नावे समोर आली आणि 1,208 जणांचा कोठडीतील मृत्यू किंवा हत्या नोंदलेली आढळली. हाब्रेला व्यक्तिशः पाठवलेले 1,265 संदेशही त्यांत होते आणि त्यांतून 898 कैद्यांच्या स्थितीची माहिती त्याला कळवली गेली होती. पीडितांच्या जबान्यांनी काय घडले ते सांगितले होते. वरिष्ठाला ते ठाऊक होते, हे सरकारच्याच कागदांनी सिद्ध केले. सत्ताधीशावरील खटल्यात हाच दुवा सर्वांत अवघड असतो, कारण कोठडीतील मारहाण क्वचितच त्याच्या हातून होते.

कायद्याचे शस्त्र

हा पुरावा कोणत्या न्यायालयापुढे मांडायचा, हा प्रश्न त्याहून बिकट होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांनी एक तत्त्व प्रस्थापित केले होते, की काही गुन्हे इतके भीषण असतात की राज्याच्या नावाने ते केले तरी व्यक्तीची जबाबदारी टळत नाही. 1984 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या छळविरोधी कराराने या तत्त्वाला व्यवहारात उपयोगी पडेल असे रूप दिले. छळाचा आरोप असलेली व्यक्ती ज्या सदस्य राष्ट्राच्या भूमीवर सापडेल, त्या राष्ट्राने तिच्यावर स्वतः खटला चालवण्यासाठी प्रकरण आपल्या यंत्रणेकडे सोपवावे किंवा तिचे प्रत्यार्पण करावे, म्हणजेच खटला चालवू इच्छिणाऱ्या दुसऱ्या देशाच्या ताब्यात तिला द्यावे, असे बंधन या कराराने घातले. गुन्हा कोठे घडला आणि आरोपी वा पीडित कोणत्या देशाचा, याचा विचार न करता गुन्ह्याच्या स्वरूपामुळेच न्यायालयाला मिळणाऱ्या अशा अधिकाराला ‘सार्वत्रिक अधिकारक्षेत्र’ म्हणतात. सेनेगलने 1986 साली या कराराला मान्यता दिलेली होती, मात्र आपल्या देशांतर्गत कायद्यात त्यासाठी आवश्यक तरतुदी केलेल्या नव्हत्या.

ऑक्टोबर 1998 मध्ये स्पेनच्या न्यायाधीशांच्या वॉरंटवरून चिलीचा माजी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे याला लंडनमध्ये अटक झाली आणि माजी राष्ट्रप्रमुखाला छळाच्या आरोपापासून संरक्षण मिळणार नाही, असा निर्णय ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहातील न्यायाधीशांनी दिला. चाडमधील मानवाधिकार कार्यकर्त्यांनी याच मार्गाने हाब्रेलाही न्यायालयात खेचता येईल हे ओळखले. चाडच्या वकील जाकलीन मुदेना आणि ह्यूमन राइट्स वॉचचे वकील रीड ब्रोडी हे या लढ्याचे दोन प्रमुख आधार झाले. गेंगेंग यांनी लपवलेल्या जबान्यांचे दप्तर त्यांच्या हाती आले आणि 26 जानेवारी 2000 रोजी चाडच्या पीडितांनी डाकारच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. अवघ्या काही दिवसांत, 3 फेब्रुवारीला, सेनेगलचे तपास न्यायाधीश देंबा कांजी यांनी हाब्रेवर छळात सहभागी असल्याचा आरोप ठेवला.

हे यश अल्पजीवी ठरले. सेनेगलमध्ये त्याच वर्षी अब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुलैमध्ये अपील न्यायालयाने आरोप रद्दबातल केले. परदेशात घडलेल्या छळाचा खटला चालवण्याची तरतूद सेनेगलच्या कायद्यात नाही, हे कारण त्यासाठी दिले गेले आणि मार्च 2001 मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयानेही तेच मत कायम ठेवले. दरम्यान चाडमध्येही धोका वाढला होता. जून 2001 मध्ये एन्जामेनात निदर्शनांच्या वेळी मुदेना यांच्या दिशेने हातबाँब फेकण्यात आला आणि त्यात त्या जबर जखमी झाल्या. फिर्यादींमध्ये बेल्जियमचे नागरिकत्व घेतलेले काही मूळचे चाडवासी होते आणि बेल्जियमच्या 1993 च्या कायद्याने तेथील न्यायालयांना सार्वत्रिक अधिकारक्षेत्र दिले होते, त्यामुळे पीडितांनी नोव्हेंबर 2000 मध्येच ब्रसेल्समध्ये दाद मागितली होती. न्यायाधीश डॅनियल फ्रान्सेन यांनी 2002 साली चाडला जाऊन साक्षी घेतल्या, तुरुंगांची पाहणी केली आणि चाडच्या सरकारने हाब्रेला कोणतेही संरक्षण नसल्याचे लेखी कळवले. 2003 साली अमेरिकेच्या दबावाखाली बेल्जियमने हा कायदा रद्द केला, तरी आधीच सुरू झालेले हे प्रकरण त्यातून वाचले आणि सप्टेंबर 2005 मध्ये फ्रान्सेन यांनी हाब्रेविरुद्ध आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट काढले.

टोलवाटोलवी आणि हेगचा निकाल

यानंतरची सात वर्षे हे प्रकरण एका दारातून दुसऱ्या दारात टोलवले गेले. बेल्जियमच्या प्रत्यार्पण-विनंतीवर निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे सेनेगलच्या न्यायालयाने म्हटले आणि सरकारने हा प्रश्न आफ्रिकी संघाकडे, म्हणजे आफ्रिकेतील राष्ट्रांच्या संघटनेकडे सोपवला. मे 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने, गेंगेंग व इतरांच्या तक्रारीवर, सेनेगलने कराराचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. जुलै 2006 मध्ये आफ्रिकी संघाने सेनेगलला ‘आफ्रिकेच्या वतीने’ हाब्रेवर खटला चालवण्यास सांगितले. या निर्णयामागे खंडाच्या स्वाभिमानाचा प्रश्न होता, कारण आफ्रिकी नेत्याचा न्याय युरोपातील न्यायालयाने करावा हे अनेक सरकारांना रुचत नव्हते. सेनेगलने कायद्यात दुरुस्ती केली, पण मग खटल्याच्या खर्चाची रक्कम आधी हाती पडल्याशिवाय पाऊल उचलणार नाही अशी भूमिका घेतली आणि निधीच्या वाटाघाटींत आणखी काही वर्षे गेली. पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायाच्या न्यायालयाने 2010 साली आणखी एक अट घातली. गुन्हा घडला तेव्हा सेनेगलच्या कायद्यात नसलेल्या तरतुदीखाली शिक्षा करणे पूर्वलक्षी प्रभावाच्या मनाईविरुद्ध जाईल, म्हणून खटला आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या खास न्यायपीठापुढेच चालावा, असे त्याचे म्हणणे होते.

ही कोंडी फोडण्यासाठी बेल्जियमने त्याआधीच, फेब्रुवारी 2009 मध्ये, सेनेगलविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात, म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील वाद सोडवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य न्यायसंस्थेत, दावा दाखल केला. 20 जुलै 2012 रोजी त्या न्यायालयाने दिलेला निकाल छळविरोधी कायद्याच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. छळाची मनाई हा कोणत्याही राष्ट्राला मोडता न येणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा मूलभूत नियम आहे, करार पाळला जावा यात प्रत्येक सदस्य राष्ट्राचा हितसंबंध असतो, आणि पैशाची अडचण वा देशांतर्गत कायद्यातील उणीव ही बंधन टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. हाब्रेचे प्रत्यार्पण केले नाही तर सेनेगलने आणखी विलंब न लावता खटल्यासाठी प्रकरण सक्षम अधिकाऱ्यांकडे सोपवावे, असा आदेश न्यायाधीशांनी एकमताने दिला.

त्याच वर्षी सेनेगलमध्ये वाद यांचा पराभव करून माकी साल सत्तेवर आले होते आणि नव्या सरकारने ऑगस्टमध्येच आफ्रिकी संघाशी करार केला. त्यातून सेनेगलच्या न्यायव्यवस्थेच्या चौकटीत ‘विशेष आफ्रिकी न्यायपीठे’ जन्माला आली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांचे कामकाज सुरू झाले. 7 जून 1982 ते 1 डिसेंबर 1990 या काळात चाडमध्ये घडलेल्या आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांपुरताच त्यांचा अधिकार होता. न्यायाधीश बहुतांशी सेनेगलचे होते, मात्र खटला व अपील यांच्या पीठांचे अध्यक्ष आफ्रिकेतील अन्य देशांचे असावेत अशी तरतूद होती. हेगमधील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा येथे उपयोग नव्हता, कारण ते 1 जुलै 2002 नंतरच्याच गुन्ह्यांची दखल घेऊ शकते. 30 जून 2013 रोजी हाब्रेला अटक झाली आणि तपास न्यायाधीशांनी चाडला वारंवार जाऊन सुमारे 2,500 पीडितांचे जबाब नोंदवले.

न्यायालयात

20 जुलै 2015 रोजी बुर्किना फासोचे न्यायाधीश गबरदाओ गुस्ताव काम यांच्या अध्यक्षतेखाली खटला सुरू झाला. हाब्रेने हे न्यायपीठ मान्य करण्यास नकार दिला आणि त्याच्या वकिलांनीही काम पाहिले नाही, म्हणून न्यायालयाला त्याच्यासाठी वकील नेमून त्यांना तयारीला अवधी द्यावा लागला. सप्टेंबरमध्ये कामकाज पुन्हा सुरू झाले. त्याला बळाने न्यायालयात आणले गेले आणि पुढे फेट्याने तोंड झाकून, काळा चष्मा लावून तो सुनावणीभर मूक बसून राहिला. त्याच्यापुढे 90 हून अधिक साक्षीदार उभे राहिले. कोठडीतून जिवंत सुटलेल्यांनी प्रेते कशी पुरावी लागत ते सांगितले. अनेक स्त्रियांनी कोठड्यांत व वाळवंटातील लष्करी तळावर आपल्यावर झालेल्या बलात्कारांविषयी भर न्यायालयात साक्ष दिली, आणि त्यांपैकी काहींनी ते त्यापूर्वी कधीच उघडपणे सांगितले नव्हते. कॅनडाच्या एका हस्ताक्षरतज्ज्ञाने, युद्धकैद्यांविषयी रेडक्रॉसने पाठवलेल्या विनंतीवरील शेरा हाब्रेच्याच हातचा असल्याचे मत दिले. यापुढे मृत्यूखेरीज कोणत्याही युद्धकैद्याने तुरुंगाबाहेर जाऊ नये, असा तो शेरा होता.

निकालपत्राने लैंगिक अत्याचार व लैंगिक गुलामगिरी यांना स्वतंत्र व गंभीर गुन्हे म्हणून स्थान दिले, ही या खटल्याची महत्त्वाची देणगी आहे. एप्रिल 2017 मध्ये मालीचे न्यायाधीश उगादेय वाफी यांच्या अपील पीठाने जन्मठेप कायम केली. हाब्रेने स्वतः केलेल्या बलात्काराचा आरोप मूळ आरोपपत्रात नसल्याच्या कारणास्तव तेवढ्यापुरते त्याला निर्दोष ठरवले गेले. अपील पीठाने 7,396 पीडितांना सुमारे 82 अब्ज सीएफए फ्रँक भरपाई मंजूर केली आणि ती वसूल करून वाटण्यासाठी आफ्रिकी संघाने निधी उभारावा असे सांगितले. त्याआधी मार्च 2015 मध्ये एन्जामेनाच्या न्यायालयानेही डीडीएसच्या वीस जणांना शिक्षा केली होती व पीडितांना भरपाई देण्याचा आदेश दिला होता.

या न्यायाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. चाडने डीडीएसच्या अन्य प्रमुख आरोपींना डाकारच्या स्वाधीन केले नाही, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात हाब्रे एकटाच राहिला. ‘काळ्या सप्टेंबर’च्या काळात सरसेनापती असलेल्या देबीची जबाबदारी कोणत्याही न्यायालयापुढे तपासली गेली नाही. शस्त्रे व पैसा पुरवणाऱ्या पाश्चात्त्य राजधान्यांनाही कोणी जाब विचारला नाही. 24 ऑगस्ट 2021 रोजी हाब्रे डाकारमध्ये कोविडने मरण पावला, तोपर्यंत अपील पीठाने मंजूर केलेल्या भरपाईपैकी काहीच पीडितांच्या हाती पोहोचले नव्हते आणि त्यांच्यातील अनेकजण वाट पाहता पाहता जगाचा निरोप घेऊन गेले होते.

असे असूनही डाकारचा निकाल पुढील खटल्यांसाठी भक्कम पायवाट आखून देतो. पीडितांनी फिर्यादी म्हणून पुढे राहून खटल्याची दिशा ठरवली, तर आंतरराष्ट्रीय न्याय पीडितांच्या जवळ, त्यांच्याच खंडात व त्यांना परवडेल अशा खर्चात चालवता येतो, हे या खटल्याने दाखवले. करारावर सही करणाऱ्या राष्ट्राला त्या सहीची किंमत मोजायला लावता येते, हेही त्याने सिद्ध केले. भारताने छळविरोधी करारावर 1997 साली स्वाक्षरी केली आहे, परंतु त्याचे अनुसमर्थन, म्हणजे करार कायदेशीररीत्या स्वतःवर बंधनकारक करून घेण्याची औपचारिक क्रिया, अद्याप केलेले नाही. सेनेगलवर हेगच्या न्यायालयाला आदेश काढता आला तो त्याने हे अनुसमर्थन केले होते म्हणूनच. छळाविरुद्धचे वचन ज्या राष्ट्राने अशा रीतीने बांधून घेतलेले नसते, त्याच्या दारात पीडितांना नेता येईल असा कागदच उरत नाही, आणि चाडच्या पीडितांनी जे मिळवले त्याची सुरुवातच एका कागदापासून झाली होती.